मांत्रिकाचा गुण आणि मण्यारीचा दंश

महोदय,

पावसाळा सुरू झाला की आमच्या भागात सर्पदंशाच्या रुग्णाला आधी मांत्रिकाकडे आणि मग, वेळ उरलाच तर, ग्रामीण रुग्णालयात नेण्याचा परिपाठ अजूनही दिसतो. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत एका तरुणाची पोटरी सुंभाने करकचून बांधून, त्याला कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन, विष चढले की नाही हे पाहण्यासाठी ‘कडू लागतो का?’ असे विचारत मंडळी अंगणात बसलेली मी स्वतः पाहिली. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असल्याने, आणि विषारी सापही काही वेळा दंश करताना विष सोडत नसल्याने, मांत्रिकाचे बरेच रुग्ण खरोखरच बरे होतात; श्रद्धा पक्की होते ती अशा खऱ्याखुऱ्या अनुभवावर. विषारी मण्यार मात्र रात्री झोपेत चावते, खूण धड दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊ लागतात तेव्हा प्रतिविषासाठीची मोलाची वेळ निघून गेलेली असते.

आपल्या उपचारावर ठाम विश्वास महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर यांचाही होता. महाड परिसरात विंचूदंशाने दगावणारे रुग्ण पाहून त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरले. पण सोबत नोंदी ठेवल्या आणि आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात जगापुढे तपासणीसाठी मांडले. मांत्रिकाकडे दगावलेल्यांची वही नसते.

त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा, रुग्ण थेट पुढे पाठवण्यास त्यालाच तयार करावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रायगड