वाजवणाऱ्याइले पुरस्कार कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकातले कलाकार परशुराम खुणे सरांना २०२३ ची पद्मश्री भेटली, मस्त वाटलं, पण स्टेजपुढं बसून रातभर ऑर्गन-तबला वाजवणाऱ्याइले कोण विचारते? दिवाळीनंतर आमच्या वडसा (देसाईगंज) भागात नाटकाचा सीझन सुरू झाला का पहाटेपर्यंत खेळ चालते, थंडीनं बोटं आखडते, तरी नट सुरातून घसरला का ऑर्गनवाला गपचूप पट्टी बदलून त्याले सांभाळून घेते, अन् टाळ्या नटाले (पोस्टरवर तर याचं नाव भिंग लावूनच वाचा). शासनानं साथीदारांसाठी वेगळा पुरस्कार ठेवावा, अन् ऑनलाईन फॉर्म मागू नये, म्हातारे वादक कुठून भरतीन? नाटक कंपन्याइले विचारा, कोण किती वर्षापासून वाजवते ते त्याइले तोंडपाठ आहे.

एक नाटकवेडा, देसाईगंज तालुका