गंगापूर धरणाकाठच्या त्या तिघांना

गेल्या रविवारी धरणाजवळच्या माळावर माझा चार दोऱ्यांचा पतंग तासभर नुसता जमिनीवर आपटत होता. तुमची नावं विचारायची राहिली, म्हणून आभार इथे मानतो.

ज्या काकूंनी उन्हात बसून चारही दोऱ्यांचा गुंता नखांनी सोडवला, एकही दोरी कापू दिली नाही, त्यांचे आधी. मग येवल्याच्या दादांचे. आयुष्यभर आसारीवर (मांजा गुंडाळायच्या फिरकीवर) एकाच दोरीचा पतंग उडवलेला माणूस, पण नेमकं त्यांच्याच लक्षात आलं की एक दोरी चार बोटं लांब आहे! चारही खुंटीला अडकवून सारख्या केल्या आणि पतंग सरळ उठला.

मी हात ओढत होतो. खरं काम मनगटाचं: दोन्ही हातांतल्या मुठी (दोऱ्या बांधलेले दांडे) अंगठ्याकडून मागे झुकवल्या की वरच्या दोऱ्या ताणून पतंग पुढे जातो, खालची टोकं ओढली की थांबतो, उलटाही येतो. हे ज्या मुलीने माझ्या मुठी धरून शिकवलं, तिच्यामुळे पतंग पाच-सहा सेकंद हवेत जागच्या जागी उभा राहिला. ते विसरणार नाही. पुन्हा भेटलात तर मुठी आधी तुमच्या हातात देईन.