क्वाड्राफोनिकवर अन्याय नको

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या ध्वनिमुद्रणावरच्या लेखात क्वाड्राफोनिक (चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरसाठी चार चॅनेलची, थोडक्यात ‘क्वाड’) रेकॉर्डची ‘सत्तरच्या दशकातला फसलेला प्रयोग’ अशी एका वाक्यात बोळवण केली आहे आणि लगेच पुढे आजच्या ५.१ सराउंड (समोर तीन, मागे दोन आणि एक खर्जाचा स्पीकर) डिस्कचे तोंडभरून कौतुक आहे. माझी उमेदीची सगळी वर्षे ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीत गेली. दोन्ही प्रकार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, त्यामुळे ते वाक्य मनाला लागले.

फसली ती रेकॉर्ड. स्टुडिओत चार चॅनेलच्या टेपवर झालेले काम अस्सल होते.

रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच, एक डावीची आणि एक उजवीची. त्यात चार आवाज कोंबायचे तर काही ना काही गमवावे लागणारच. सीबीएसची एसक्यू आणि सान्सुईची क्यूएस या पद्धतींत चार चॅनेल दोनात मिसळत आणि घरी डिकोडरने पुन्हा वेगळे काढत. साध्या डिकोडरवर एसक्यूमध्ये पुढच्या आणि मागच्या आवाजात जेमतेम ३ डेसिबलचा फरक उरे. तो वाढवायला ‘लॉजिक’ सर्किट आले. त्यात ज्या दिशेचा आवाज जोरात, तिला उठाव मिळे आणि बाकीच्या दिशा दबत. गायिकेने सूर लावला की मागची व्हायोलिने खाली बसत, तिने श्वास घेतला की पुन्हा वर येत. ज्याने हे एकदा टिपले, त्याला मग दुसरे काही ऐकूच येत नाही.

जेव्हीसीची सीडी-४ (आजच्या सीडीशी हिचा संबंध नाही) खऱ्या अर्थाने चार चॅनेलची होती. डाव्या भिंतीवर डावीकडच्या पुढच्या-मागच्या आवाजांची बेरीज, आणि त्याच भिंतीवर ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर त्यांची वजाबाकी. उजवीकडेही तसेच. बेरजेत वजाबाकी मिळवली की पुढचा आवाज सुटा होतो, बेरजेतून वजा केली की मागचा. कल्पना अत्यंत देखणी! पण त्यासाठी सुईने ४५ किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या दुपटीहून वरचे, कंपन उचलायला हवे. त्यासाठीच शिबाता घाटाची सुई निघाली. साध्या गोल टोकाच्या सुईवर तीच रेकॉर्ड वाजवत राहिले की वाहक लहर झिजे, आणि मागच्या स्पीकरमधून सँडपेपर घासल्यासारखी खरखर येई. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत बहुतेक वेळा दोष डीमॉड्युलेटरचा (वाहक लहरीवरचा आवाज सोडवणाऱ्या सर्किटचा) नसे, सुई किंवा केबल चुकीची असे. त्यातच या पद्धतींचे एकमेकींशी जमत नव्हते. गिऱ्हाईक कंटाळले आणि दशक संपता संपता सगळा पसारा आवरला गेला.

आता डिस्क. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) १९९९ मध्ये आली, मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ, पुढे ब्लू-रे. त्यांवर प्रत्येक चॅनेल पहिल्यापासून सुटा असतो. डिकोडरला अंदाज बांधावा लागत नाही, शंभराव्यांदा लावली तरी डिस्क झिजत नाही. मधल्या स्पीकरमुळे गायकाचा आवाज जागचा हलत नाही; क्वाडमध्ये तुम्ही जरा डावीकडे सरकलात की तोही तुमच्याबरोबर सरकतो. या बाबतीत डिस्क सरस आहे हे मी निःशंकपणे मान्य करतो.

पण डिस्क चांगली म्हणून तिच्यावरचे मिश्रणही (कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून किती, याची जुळणी) आपोआप चांगले होत नाही. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचे क्वाड मिश्रण १९७३ मध्ये ॲलन पार्सन्स यांनी केले, २००३ च्या एसएसीडीवरचे ५.१ मिश्रण जेम्स गथ्री यांचे. गथ्री यांचे अधिक स्वच्छ आणि भरीव वाटते. तरीही मी पुन्हा पुन्हा लावतो ते पार्सन्स यांचे, कारण त्यात ऐकणारा वाद्यांच्या मधोमध बसलेला असतो. हे मी छातीठोकपणे म्हणू शकतो, कारण त्याच अल्बमच्या २०११ च्या संचात ते जुने मिश्रणही डिस्कवर आले. चारही कोपरे नीट सुटे झाले. फिलिप्सची सत्तरच्या दशकातली चार चॅनेलची शास्त्रीय ध्वनिमुद्रणेही पेंटाटोन या कंपनीने अशीच एसएसीडीवर आणली. ती ऐकावीत, मग क्वाड फसले का ते ठरवावे.

ऐकताना एक करावे. ५.१ च्या मांडणीत मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळजवळ बाजूला, समोरून मोजता ११० अंशांच्या आसपास असतात. क्वाडसाठी ते मागे, १३५ अंशांवर न्यावेत आणि पुढचे डावे-उजवे ४५ अंशांवर, म्हणजे चौरस जुळतो. एवढे न करता ‘जुने मिश्रण विस्कळीत वाटते’ म्हणणारे मला बरेच भेटतात.

कंपन्यांना माझी विनंती आहे की नवे मिश्रण काढताना जुने क्वाडही त्याच डिस्कवर द्यावे, आणि कोणते मिश्रण कोणाचे व कोणत्या वर्षाचे हे वेष्टनावर ठळक छापावे. आपल्या लेखकांनीही पुढच्या लेखात तुलना करताना रेकॉर्ड आणि मिश्रण या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करावा.

आपला,
एक जुना वाचक