टाय न धरणाऱ्या टायपिनांबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: सोनेरी चिमटा टायपिन (40 नग) सदोष निघाल्याबद्दल. पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत व झालेल्या नुकसानीच्या भरपाईबाबत.

महोदय/महोदया,

जून महिन्यात मी तुमच्या संकेतस्थळावरून 40 टायपिना मागवल्या. दर नगाला 349 रुपये, एकूण 13,960 रुपये, सर्व रक्कम आगाऊ भरलेली. मी नाशिकमध्ये हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलामुलींना फूड सर्व्हिस शिकवते आणि या पिना आमच्या नव्या बॅचसाठी होत्या. पार्सल वेळेवर आले, खोकी नीट होती, नग मोजून बरोबर निघाले. त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती पिनांबद्दल, आणि त्याहून जास्त तुमच्या ग्राहक सेवेकडून आलेल्या उत्तराबद्दल. त्यात लिहिले आहे की ही शोभेची वस्तू आहे, टाय जागेवर राहण्याची हमी कंपनी देत नाही.

हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्याच पानावर या पिनेखाली ‘कुठल्याही टायवर घट्ट पकड’, ‘रेशमी टायला सुरक्षित’ आणि ‘पितळी, सोन्याचा मुलामा’ असे तीन दावे होते. ते पान मी ऑर्डर देतानाच जतन करून ठेवले होते आणि त्याची छापील प्रत सोबत पाठवत आहे. या तीनपैकी एकही दावा खरा नाही.

पिनेचे काम काय, हे आधी लिहिते, कारण ते तुमच्याकडे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. जेवण वाढणारा माणूस दर दोन मिनिटांनी टेबलावर वाकतो. प्लॅटरमधून वाढताना पाहुण्याच्या डाव्या बाजूने पुढे झुकावे लागते, एका हातावर प्लॅटर आणि दुसऱ्या हातात चमचा-काटा. टाय सुटा असेल तर तो सरळ पुढे लोंबतो आणि त्याचे टोक सूपमध्ये नाही तर पाहुण्याच्या खांद्यावर जाते. त्याला आवरायला हात मोकळा नसतो. बुफेच्या काउंटरवर तर चेफिंग डिशखाली बर्नर पेटलेले असतात आणि मुले त्यावर वाकून झाकण उचलतात. तिथे लोंबणारा पॉलिस्टरचा टाय म्हणजे भाजण्याचा धोका. म्हणून आमच्याकडे प्रॅक्टिकलला पिन लावल्याशिवाय कोणाला फ्लोअरवर सोडत नाहीत. ही वस्तू आमच्याकडे एप्रन आणि हातरुमालाइतकीच कामाची आहे. दिसायला चांगली असेल तर आनंदच, पण मुलांकडून त्यासाठी पैसे घेतलेले नाहीत.

आमची बरीच मुले कळवण, दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांतून येतात. गणवेश, बूट, चाकूंचा संच असे सगळे मिळून पालकांवर पहिल्याच महिन्यात मोठा खर्च पडतो. 349 रुपयांची पिन निवडताना मी स्वस्तातल्या पिना मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. एकदाच चांगली घ्यावी, ती नोकरी लागेपर्यंत टिकावी, हा विचार होता. मुलांना मी तसे सांगितले होते आणि त्यांनी माझ्या शब्दावर पैसे दिले.

आता पिना प्रत्यक्षात कशा आहेत ते सांगते.

चिमट्याच्या पिनेत पुढची पट्टी आणि मागचा दातेरी जबडा यांच्यामध्ये तीन थर धरायचे असतात: टायची पुढची रुंद पट्टी, तिच्या मागची अरुंद पट्टी आणि शर्टची बटणपट्टी. टायच्या प्रत्येक पट्टीत दुमडलेले कापड आणि आत अस्तर असते, त्यामुळे ही जाडी बरीच होते. एवढी जाडी धरायची तर जबडा पूर्ण लांबीभर सारखा टेकायला हवा. तुमच्या पिनेत तो टेकत नाही. रिकामी पिन मिटून उजेडासमोर धरली की बिजागरीजवळ पट्टी आणि जबडा घट्ट चिकटलेले दिसतात, आणि टोकाकडे आरपार फट दिसते. मी साधा वहीचा कागद टोकाच्या बाजूला धरून ओढला, तो काहीही अडथळा न होता बाहेर आला. तोच कागद बिजागरीजवळ धरला तर दात्यांनी फाटला. खोक्यांतून हाताला येतील तशा पिना काढून बघितल्या, सगळ्यांत हेच आहे. म्हणजे एखादा नग बिघडलेला आला असे म्हणता येणार नाही. जबड्याचा बाकच चुकीचा काढलेला आहे.

मुलांचे टाय घसरतात आणि फाटतात, या दोन्ही तक्रारींचे मूळ या एकाच दोषात आहे. सगळा भार मागच्या दोन-तीन दात्यांवर येतो. मूल वाकले की टाय टोकाकडून निसटतो, पिन तिरकी होते आणि मागचे दाते कापडात रुततात. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील सातपूरला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून वाकवण्याच्या कारखान्यात, कामाला आहेत. त्यांनी पिन हातात घेऊन दात्यांवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, “मॅडम, हे डीबरिंग केलेलंच नाहीये. पत्रा पंच केला आणि तसाच वाकवला.” पंचिंगनंतर पत्र्याच्या कडेला जी बारीक धार राहते ती घासून काढणे म्हणजे डीबरिंग. इथे ती धार तशीच आहे. भिंगातून तर ती स्पष्ट दिसते. टायचे कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, कापलेले असते, त्यामुळे गाठ चांगली बसते आणि टाय सरळ पडतो. पण अशा कापडात एक धागा ओढला गेला की त्याची तिरकी रेघ समोर उठून दिसते, आणि ती इस्त्रीने जात नाही. रेशमी टाय असलेल्या तीन मुलांच्या टायवर अशा रेघा उमटल्या आहेत. फोटो सोबत आहेत. लांब टायसाठी अशा चिमट्याच्या पिनेचा, म्हणजे क्लिपचा, वापर 1920 च्या दशकात वाढला तो मुळात यासाठी की टोचणाऱ्या पिनेने मऊ रेशमाला भोके पडत. ज्या त्रासातून सुटण्यासाठी क्लिप आली तोच त्रास तुमची क्लिप देते आहे.

जुलैत आमच्या मुलांना एका साखरपुड्याच्या बुफेवर सरावासाठी पाठवले होते. एका विद्यार्थ्याची पिन डाळीच्या चेफिंग डिशवर वाकताना सुटली, टायचे टोक डाळीत गेले आणि पिनही आत पडली. पूर्ण डिश काढून टाकावी लागली. यजमान सभ्य होते, त्यांनी शब्दही उच्चारला नाही, पण मुलगा त्या संध्याकाळी पुन्हा काउंटरवर उभा राहिला नाही. डाळीत गेलेली पिन एखाद्याच्या ताटात पोचली असती तर काय, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. लहान, टोकदार धातूची वस्तू अन्नात पडणे ही आमच्या व्यवसायात फार गंभीर गोष्ट मानतात.

आता पितळाबद्दल. पावसाळा लागल्यावर मुलांच्या पांढऱ्या शर्टवर पिनेच्या जागी तांबूस डाग दिसू लागले. नाशिकमध्ये तांब्या-पितळेची पारख असलेल्या माणसांची कमी नाही. मी एक पिन भांडी बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी आधी डाग पडलेला शर्ट बघितला. म्हणाले, “ताई, पितळ असतं तर हिरवट पडलं असतं. हा लोखंडाचा गंज आहे.” मग कानशीने पिनेच्या पाठीवर दोनदा घासले. सोनेरी रंग लगेच गेला आणि खाली करडा-पांढरा पत्रा उघडा पडला, पिवळेपणा कुठेच नव्हता. चुंबकही लावून बघितला. स्प्रिंग पोलादाची असते, तिला चुंबक धरणारच, म्हणून स्प्रिंग आणि जबडा काढून फक्त पुढची पट्टी वेगळी केली. ती पट्टी चुंबकाला चिकटली. पितळ चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा ‘पितळी’ हा शब्द तुमच्या पानावर कोणी आणि कशाच्या आधारावर लिहिला, याचे लेखी उत्तर मला हवे आहे. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार हे छापणे बंधनकारक आहे.

पिना हाती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तुम्हाला पहिला ईमेल केला होता. त्यावर ‘चुकीचा वापर’ असे कारण देऊन आलेला सल्ला असा: पिन शर्टला अडकवू नका, फक्त टायच्या दोन पट्ट्यांना लावा, म्हणजे ताण येणार नाही. हा सल्ला देणाऱ्याने टायपिन कधी वापरली असेल असे वाटत नाही. शर्टला अडकवल्याशिवाय पिन टायला फक्त जड करते. वाकल्यावर दोन्ही पट्ट्या पिनेसकट पुढे येतात, आणि सुटा टाय परवडला इतक्या जोरात हेलकावतात. पिन शर्टच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये, आडवी, बटणपट्टीसह लावायची हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो आणि मुले तशीच लावतात. ‘चुकीचा वापर’ हे तुमचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारते. मागच्या बॅचकडे स्थानिक दुकानातून घेतलेल्या, बिनदात्यांच्या सरकवायच्या पिना आहेत. त्याच मुलांनी, त्याच पद्धतीने, त्याच टायवर त्या लावून दाखवल्या. त्या हलल्या नाहीत.

पुढच्या ईमेलमध्ये दोन कारणे दिली गेली. पहिले, परतीची मुदत सात दिवस होती. ही मुदत तुमच्या संकेतस्थळावर असेल, पण मला दिलेल्या पावतीवर ती कुठेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पावतीवर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि माझा पहिला ईमेल त्या मुदतीत आहे. शिवाय ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे, स्वतःचा माल ऑनलाइन विकणाऱ्याने जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. दुसरे कारण, ऑर्डर 40 नगांची असल्याने मी ‘व्यापारी खरेदीदार’ ठरते. मी एकही पिन नफ्याने विकलेली नाही. प्रत्येक विद्यार्थ्याकडून नेमके 349 रुपये घेतले, त्यांच्या सह्यांची यादी सोबत आहे. पिना वापरणारी मुलेच आहेत आणि पैसेही त्यांचेच आहेत. त्या मुलांना ग्राहक न मानणे मला फार लागले.

माझ्या मागण्या अशा आहेत. 13,960 रुपये पूर्ण परत करावेत आणि माल परत नेण्याचा खर्च कंपनीने करावा. खराब झालेल्या तीन रेशमी टायची आणि गंजाचे डाग पडलेल्या शर्टांची भरपाई द्यावी, त्यांची बिले जोडली आहेत. कूपन किंवा पुढच्या खरेदीवरील सवलत मी स्वीकारणार नाही. मुलांनी रोख पैसे दिले आहेत, त्यांना रोखच परत जायला हवेत. आणि तुमच्या पानावरचे ते तीन दावे तत्काळ काढावेत. ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण आजही ती पिन तिथे त्याच शब्दांत विक्रीला आहे आणि दुसऱ्या एखाद्या संस्थेतला शिक्षक ती मुलांसाठी मागवत असेल.

नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या आधीच्या ईमेलना पोच आली ती यंत्राने पाठवलेली, तक्रार क्रमांकाशिवाय. या पत्राची पोच तक्रार क्रमांकासह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी द्यावी. महिनाभरात निकाल लागला नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचे कार्यालय दुसऱ्या शहरात आहे म्हणून मला तिकडे यावे लागणार नाही, ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्कही नाही. पालकांशी माझे बोलणे झाले आहे, ते सोबत आहेत.

वापरलेल्या व न वापरलेल्या सर्व पिना, कानशीने घासलेली आणि पट्टी वेगळी केलेली पिन, डाग पडलेले शर्ट आणि फाटलेले टाय मी वर्गातल्या कपाटात कुलपात ठेवले आहेत. तुमच्या माणसाला कामाच्या कोणत्याही दिवशी येऊन ते तपासता येतील. येण्यापूर्वी फक्त एक दिवस आधी कळवावे, म्हणजे मी मुलांनाही हजर ठेवीन. पिन कशी लावतात आणि ती कशी सुटते हे ती त्यांच्यासमोर करून दाखवतील.

कळावे,
आपली विश्वासू,
फूड सर्व्हिस प्रशिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक