मुक्या पात्रांची मारामारी

प्रिय मंद्या,

तुझं पत्र परवा मिळालं. ‘निकेलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ हा कार्टून पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम लावलास, दहा मिनिटांत बंद केलास आणि वर मलाच विचारतोस, असलं पोरकट काय गळ्यात मारलंस म्हणून. बरं. आता निमूट ऐकून घे.

तुझ्या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत. 5 ऑक्टोबर 2021 ला गेम आला तेव्हा पात्रांना आवाजच नव्हते. स्पंजबॉब मुका! कार्टूनमधल्या नायजेल थॉर्नबेरीचं तर सगळं भांडवलच त्याचा आवाज, आणि तोही गुपचूप लाथा घालत होता. पोशाख बदलायची सोय नव्हती, मेन्यू बघून जांभई यायची, आणि किंमत म्हणे 50 डॉलर होती. आपल्याकडच्या पोरांना यातली अर्धी मंडळी ठाऊकसुद्धा नाहीत. माझ्या भाच्याने पहिला प्रश्न हाच विचारला, की मोटू-पतलू कुठायत?

पण गेम केलाय कोणी ते बघ. स्वीडनचा लुडॉसिटी नावाचा छोटासा स्टुडिओ, जोडीला कोस्टा रिकाचे फेअर प्ले लॅब्ज. लुडॉसिटीवाल्यांनी याआधी स्वतःच्याच जुन्या गेममधली पात्रं गोळा करून ‘स्लॅप सिटी’ हा असाच मारामारीचा गेम काढला होता. निंटेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या गेममालिकेचे, म्हणजे स्मॅशचे, हाडाचे वेडे लोक. हाताशी पैसा बेताचा, तो त्यांनी दिखाव्यावर न घालता हालचालीवर घातला.

आता कंट्रोलर हातात घे आणि सांगतो ते कर. उडी मार आणि पाय जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच तिरका खाली एअरडॅश, म्हणजे हवेतल्या हवेत झपाटा, दे. पात्र जमिनीवरून सर्रकन घसरत जाईल, आणि घसरतानाच तुला ठोसा मारता येईल. हाच तो वेव्हडॅश. 2001 च्या स्मॅश ‘मेली’मध्ये तो जमायला लोकांनी बोटं झिजवली. पुढे 2008 च्या स्मॅश ‘ब्रॉल’मध्ये निंटेंडोने तो काढूनच टाकला, तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती! इथे तो पहिल्या दिवसापासून आहे आणि जमायलाही सोपा आहे. शिवाय स्ट्रेफचं बटण दाबून धरलंस की तोंड समोरच्याकडेच राहतं आणि तू मागे सरकत राहतोस. समोरच्याला पकडलंस तर तसाच उचलून चालत स्टेजच्या कडेपर्यंत नेता येतं. त्याने काही फेकून मारलं तर ते झेलून त्याच्याच अंगावर भिरकावता येतं. झेलायची वेळ साधली ना, की समोरचा पुन्हा लांबून फेकाफेकी करायच्या भानगडीत पडत नाही. दहा मिनिटांत यातलं काय दिसणार तुला, कपाळ?

दुसरी गोष्ट रोलबॅक, म्हणजे ऑनलाइन खेळ न अडखळता चालवायची पद्धत. तू तिकडे, मी इकडे, मध्ये एवढं अंतर. जुन्या पद्धतीत तुझं बटण माझ्यापर्यंत पोचेस्तोवर दोघांचाही गेम अडखळतो. स्मॅश अल्टिमेट ऑनलाइन खेळताना तू यावरूनच शिव्या घालतोस. रोलबॅकमध्ये गेम तुझी पुढची चाल अंदाजाने धरून चालतो, आणि अंदाज चुकलाच तर दोन-चार फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतो. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सहसा कळतही नाही. मेलीला हे मिळायला 2020 उजाडलं, तेही चाहत्यांनी स्वतः खपून स्लिप्पी नावाचं सॉफ्टवेअर बनवलं म्हणून. या गरीब गेममध्ये ते आयतं आलं.

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. आवाज आले जून 2022 मध्ये, तोवर बघ्यांनी काढता पाय घेतला होता. स्पर्धा खेळणारे चारच असतात रे, पण ते टिकतात नुसते मजेसाठी खेळणाऱ्या हजारांच्या जिवावर. आणि त्या हजारांना वेव्हडॅश नको असतो, त्यांना स्पंजबॉबचं हसू हवं असतं. दुसरा भाग नोव्हेंबर 2023 मध्ये आला, आवाजासकट, पण तो एकट्या फेअर प्लेचा. त्यात चालींना जादा जोर देणारं स्लाइमचं मीटर वगैरे चांगलं आहे, तरी मला पहिल्यातलंच ते घसरणं आवडतं. नुसत्या पैशानेही भागत नाही म्हणा. वॉर्नरच्या ‘मल्टिव्हर्सस’ या असल्याच गेमकडे काय कमी होतं? बॅटमॅनपासून बग्ज बनीपर्यंत सगळे बोलके, चकचकीत, आणि मे 2025 मध्ये सर्व्हर बंद.

तर आता शहाण्यासारखा परत इन्स्टॉल कर. धिप्पाड दिसतो म्हणून रेप्टार डायनासोरच्या मागे लागू नकोस, आधी निंजा टर्टल्समधला लिओनार्डो घे. ट्रेनिंगमध्ये जाऊन डावी-उजवीकडे नुसतं घसरायचा सराव कर, मारामारीचं नंतर बघू. शनिवारी रात्री जेवणं उरकली की मेसेज टाक. आणि वायफायवर नको, केबल लाव, नाहीतर हरलास की पुन्हा नेटच्या नावाने गळा काढशील.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास