निळ्या पंपाचं दुसरं नाव

चि. पिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

परदेशी राहायला निघालीस, म्हणून काल तुझ्या बॅगांचं तीनदा वजन झालं. त्यात बुटांचे चार जोड निघाले, दम्याची फाइल मात्र टेबलावरच! तोंडी काही सांगितलं की तू ‘हो बाबा’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून ठेवतोय.

तुझ्या निळ्या पंपातलं औषध साल्ब्युटामॉल. अमेरिकेत त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात. कंपन्यांची नावं तर देशागणिक बदलतात. धाप लागलेली असताना काउंटरवर उभं राहून ‘तो निळा’ म्हणून कोणाला काय कळणार? डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि एका दाबात किती मायक्रोग्रॅम, ते टाइप करून सहीशिक्क्यासह घे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जीही त्यातच येऊ दे. साध्या सर्दीच्या गोळ्याही उगाच कोंबू नकोस. त्यातल्या काहींत नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिन असतं, आणि ते 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेताच येत नाही. प्रत्येक देशाची यादी वेगळी, ती आधी बघ.

आता विमा. प्रवासाचा विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता आणि ठरावीक दिवसांचा असतो. राहायला जाणाऱ्याला तो पुरत नाही. तिथला विमा कोणत्या तारखेला सुरू होतो ते विचार, मधले दिवस उघडे पडू देऊ नकोस. जुन्या आजारांचा खर्च मिळायला आधी किती काळ थांबावं लागतं आणि दात त्यात धरलेत का, हेही वाच. दात बहुधा नसतातच.

आणि फॉर्मवर दमा लपवू नकोस. मी तिकडे नोकरीला गेलो तेव्हा हप्ता वाढेल म्हणून रक्तदाबापुढे ‘नाही’ लिहिलं होतं. आठ महिन्यांनी अ‍ॅडमिट झालो, त्यांनी जुने कागद मागवले आणि क्लेम फेटाळला. राग आला, पण चूक माझीच होती. किती पैसे गेले ते आईला अजून माहीत नाही. तूही बोलू नकोस.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदव. बऱ्याच देशांत त्यांच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट बघतच नाही. आणीबाणीचा नंबरही पाठ कर. युरोपियन युनियनमध्ये तो सगळीकडे 112 आहे.

पंप आणि फाइल केबिन बॅगेत ठेवलीय. जागा होईना, म्हणून बुटांचा एक जोड बाहेर काढलाय.

तुझे,
बाबा