अण्णांना उठू दे

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू मागवलेली व्हीलचेअर काल आली. जिन्याखाली ठेवली आहे, खोकं फोडलेलं नाही. फोनवर तू चिडलास, मीही ताडताड बोलले. आता शांतपणे लिहिते.

अण्णांचं वजन 61 किलो भरलं. आजारपणाआधीही तेवढंच होतं, म्हणून तू म्हणतोस, तब्येत उतरली नाही. पण फिजिओथेरपीच्या मुलीने त्यांना मांस-चरबी मोजायच्या मशीनवर अनवाणी उभं केलं आणि निघालेला कागद मला समजावला. मांस झडलंय, त्या जागी चरबी आली आहे, काटा मात्र हलला नाही. याला सार्कोपेनिया म्हणतात. पायाला सूज असली तर मशीन चुकतं, म्हणून तिने हाताची पकड मोजायला मूठही आवळायला लावली. जोर भरला 22 किलो. पुरुषांची पकड 28 च्या खाली जायला नको. मग हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, 12 सेकंदांच्या आत. अण्णांनी हाताची घडी घातली, पुढे झुकले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्ध्यावर जाऊन खुर्चीचा हात धरला. नंतर बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

दहा दिवस अंथरुणात काढले तर धडधाकट म्हाताऱ्यांच्याही पायांतलं किलोभर मांस जातं म्हणे. हे तर न्यूमोनियातून उठलेले. म्हणून सांगते, त्यांना बसवून ठेवू नकोस.

दिवाळीत तांब्या, पेपर, चष्मा, सगळं तू त्यांच्या हातात नेऊन दिलंस. माया कळते रे. पण यवतेश्वरचा घाट पळत चढणारा तू, हिल मॅरेथॉनचं पदक शोकेसमध्ये आहे, येईल त्याला मी दाखवते, आणि बापाला मात्र खुर्चीत बसवतोस? हे लागेल असं लिहिलं, माफ कर. तूही घाबरला आहेस, मला कळतं. रात्री ते बाथरूमला उठले की मीही कडीचा आवाज येईपर्यंत जागीच असते.

तुला खांद्यावर घेऊन अजिंक्यताऱ्यावर जायचे ते. मंगळाईच्या देवळापाशी तू झोपून जायचास, तरी खाली उतरवायचे नाहीत. सुमनताई म्हणायची, पोराला चालायला शिकवा की. काय सांगत होते मी?

हं, खाणं. किलोमागे एक ग्रॅम, जमलं तर थोडं जास्त प्रोटीन. म्हणजे त्यांना रोज साठ-सत्तर. अंड्यात सहा, चतुर्थीला तेही नाही. भाकरी-आमटीवर एवढं भागत नाही, म्हणून मटकी, दही, पनीर असं चाललंय. पण नुसतं खाऊन मांस भरत नाही, जोर लावावा लागतो. नव्वदीतल्या माणसांचीही व्यायामाने ताकद वाढलेली आहे. ती मुलगी आठवड्यातून दोनदा येते, पायाला वाळूची पिशवी बांधते. अण्णा तिला शिव्या घालतात आणि करतात. पडले तर, हे तू विचारणारच. बाथरूमला दांडी बसवून घेतली, पायपुसणी काढली. आणखी काय करू? पण बसवून ठेवू नकोस.

मीच पुन्हा तिथे आले बघ.

ईशाच्या परीक्षेचं कळव. शनिवारी येशील तेव्हा पोटमाळ्यावरून अण्णांचे कॅनव्हासचे बूट काढून दे. मला ते स्टुलावर चढू देत नाहीत.

तुझी
आई